दाजींचं सायक्लेमेन

आमच्या घरात एक वर्ष असं होतं की दाजी दिवसभर घरी असायचे. सुरतेत पर्वत पाटियाच्या मागच्या गल्लीत पत्र्याची एक खोली, त्या खोलीत आक्का, दाजी आणि मी. आक्का माझी मोठी बहीण, दाजी तिचे यजमान. मी अमळनेरजवळच्या आमच्या गावाहून कॉलेज शिकायला त्यांच्याकडे आले होते आणि माझं पहिलं वर्षसुद्धा पुरतं झालेलं नव्हतं. दाजी डाइंग मिलमध्ये जिगर मशीनवर होते. जिगर म्हणजे कापड या रोळावरून त्या रोळावर रंगाच्या हौदातून येत-जात राहतं ते मशीन. त्याच्यासमोर वाफेत उभं राहायचं. इतकी वर्षं उभे राहिले की छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, वाफ बंद. वाफ बंद म्हणजे पगार बंद, एवढं साधं होतं ते. मग आक्का घरी साड्यांना टिकल्या लावायला लागली, दाजी उंबऱ्यात बसून तिच्या सुईत दोरा ओवून द्यायचे, आणि मी कॉलेजातून आले की दोघं बोलणं थांबवायचे. गावाकडून माझ्यासाठी स्थळाचा निरोप आलेला होता. मी तो ऐकलाच नाही असं दाखवत होते.

दाजींना जाऊन आता पाच आठवडे होतील. मला अजून रडू आलेलं नाही. येईल कधी तरी, नाही तर नाही येणार. चलथाणला मी ज्या पतपेढीत काम करते तिथे फोन आला, साहेबांनी मला बोलावून घेतलं, मी “बरं” म्हणाले, टेबलावरचं अर्धं राहिलेलं पान पूर्ण केलं आणि मग बस धरली. बसमध्ये मला एवढंच सुचत होतं की आज कुंड्यांना पाणी कोणी ठेवलं असेल का. लोकांना हे विचित्र वाटेल. पण ज्यांनी दाजींना शेवटच्या पाच-सहा वर्षांत पाहिलंय त्यांना वाटणार नाही, कारण त्या माणसाला एकच गोष्ट हवी होती. सायक्लेमेन नावाचं थंड डोंगरावरचं एक बारीकसं फुलझाड आमच्या या सुरतेच्या घामाच्या हवेत टिकलं पाहिजे. आधी ते पोटासाठी हवं होतं, नंतर नुसतंच हवं होतं.

झालं असं की अठवा लाइन्सला कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या बंगल्यावर माळी पाहिजे असं कोणी तरी सांगितलं. दाजी गेले. शेठाणीबाई, भानुबेन, त्यांनी विचारलं, बागेचं काम येतं का. दाजी म्हणाले, “आमनी खेतीच शे.” खोटं नव्हतं. कपाशी होती, ज्वारी होती, भुईमूग होता, पण त्यांत बोगनवेल नव्हती आणि हिरवळही नव्हती. घरी येऊन आक्काला सांगितलं तेव्हा ती हातातली साडी खाली ठेवून इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली. म्हणाली, तुमच्या हातानं आमच्या परसातला घेवड्याचा वेल कधी वर चढला नाही, आता शेठच्या बंगल्यावर काय चढवणार. दाजी म्हणाले, घेवड्याला पगार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते कामावर जायला लागले. हिरवळ कापायला शिकले, कलम करायला शिकले, मोकळ्या हवेत छातीची शिट्टीही बसत गेली. माझं कॉलेज सुरू राहिलं. स्थळाचा निरोप गावाकडेच विरला.

मग थंडी आली आणि त्या थंडीबरोबर त्या कुंड्या आल्या. भानुबेन जन्मल्या दक्षिणेत, थंड डोंगरावरच्या कुन्नूरला. त्यांच्या वडिलांचा तिथे चहाचा व्यापार होता, आणि आई दर वर्षी थंडीत लेकीला म्हणून ही रोपं पाठवायची. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला खरं वाटलं नाही. सगळं रोप माझ्या तळहातावर मावेल एवढं. पानं विड्याच्या पानाच्या घाटाची पण रुपयाएवढी, त्यांच्यावर कोणी चांदीच्या वर्खानं नक्षी काढावी तशा रेघा. आणि फुलं... फुलाच्या पाकळ्या सगळ्या वर मागे वळलेल्या, वारा समोरून आला की डोक्यावरचा पदर मागे उडतो ना, तशा. गुलाबी, पांढरी, एक गर्द राणी रंगाचं. मातीत अर्धा रुतलेला आणि अर्धा वर आलेला चपटा कंद. दाजींनी पहिल्या दिवशीच त्याला कांदा म्हटलं आणि शेवटपर्यंत कांदाच म्हणत राहिले. सायक्लेमेन हे नाव मीच घरात आणलं, आणि ते मी एकटीच म्हणायचे.

पहिल्या वर्षी सगळे कांदे मेले. आमच्या लोकांच्या हातून मरायचे तसेच मेले. आमच्याकडे झाडाला पाणी घालायचं म्हणजे तांब्या उचलायचा आणि वरून बुंध्यावर धार धरायची. तुळशीला घालतो तसं. दाजींनी तेच केलं, मनापासून केलं, रोज केलं. कांद्याच्या डोक्यावर एक खळगा असतो, तिथूनच पानं आणि कळ्या फुटतात. त्या खळग्यात पाणी साचलं, की वरून काही दिसत नाही, पण आतून कुजायला लागतं. एका सकाळी पानाला हात लावला तर देठासकट हातात आलं. भानुबेनना नवल वाटलं नाही, त्यांच्याकडे दर वर्षी असंच व्हायचं. आईकडून नवी यायची.

पण पुढच्या थंडीत रोपं आली आणि त्यांच्यामागोमाग भानुबेनची आई गेल्याची खबर आली. कुन्नूरचं घर भावांनी विकायला काढलं. म्हणजे यापुढे रोपं येणार नव्हती. भानुबेन काही दिवस माहेरी जाऊन आल्या, आल्यावर व्हरांड्यात त्या कुंड्यांपुढे खुर्ची टाकून बसून राहिल्या, आणि दाजींना बोलावून शांतपणे म्हणाल्या, “आ वखते मरी गया तो बीजो माळी शोधीश.” या वेळी मेले तर दुसरा माळी. दाजी सांगायचे, की रागानं म्हणाल्या असत्या तर मी विसरलो असतो. त्या माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या.

घरी आल्यावर त्यांनी हे आक्काला सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कॉलेजवाली, तुमच्या त्या लायब्ररीत कांद्याचं काही आहे का?” मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे मी सांगते, कारण ते खरं आहे आणि त्यासाठी तीन माणसांनी पोटाला चिमटा घेतलाय. पण तेव्हा मी पदवीधर नव्हते, आणि कॉलेजात शिकवलेलं अजून कोणाच्या कामाला आलेलं नव्हतं. मी बागकामाचं एक जाड इंग्रजी पुस्तक शोधून काढलं. शब्दकोश मांडीवर घेऊन ते मी दाजींना वाचून दाखवलं. त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. एक, पाणी वरून घालायचं नाही, खालून पाजायचं. दुसरी, उन्हाळ्यात पानं पिवळी पडून गळतात तेव्हा झाड मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. त्या झोपेत त्याला जवळजवळ कोरडं ठेवायचं. पुढे पुस्तकात लिहिलं होतं की उन्हाळ्यात कुंडी बाहेर सावलीत ठेवा, अधूनमधून पडणारा पाऊस त्याला पुरेल. दाजींनी मला थांबवलं. विचारलं, हे कुठल्या गावचं पुस्तक आहे. मी म्हणाले, इंग्लंडचं. “त्यांच्या पावसाला पाऊस म्हणतात का?” मग आम्ही दोघं बसलो आणि त्यांचे महिने आमच्या महिन्यांवर बसवले. त्यांची थंडी म्हणजे आपला पौष-माघ, तेव्हा कांदा जागा. आपला चैत्र लागला की कांद्याला झोप. आणि आपल्या पावसाळ्यात त्याला एक थेंबही नको. मी हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि ते पान फाडून दाजींनी खिशात ठेवलं. वाचता त्यांना फारसं येत नव्हतं. तरी ठेवलं.

खालून पाणी पाजायची त्यांची रीत मात्र पुस्तकातली नव्हती, जिगरची होती. परातीत बोटभर पाणी घ्यायचे, त्यात कुंडी ठेवायचे आणि समोर उकिडवे बसायचे. माती खालून पाणी ओढत वर येते, वरच्या मातीचा रंग कडेकडेनं गडद व्हायला लागतो. कापड रंग कसा पितं हे ज्यानं जन्मभर पाहिलंय त्याला ते लगेच दिसतं. सगळी माती एका छटेची झाली की कुंडी उचलायची, निथळायला ठेवायची. ते बसलेले असताना मध्येच बोललेलं त्यांना आवडत नसे. भानुबेनची सून एकदा म्हणाली की हा माळी कुंडीपुढे ध्यानाला बसतो. दाजी म्हणाले, जिगरवर नजर हटली की कापडाचा अख्खा ताका वाया जायचा, इथे कांदा जाईल, दोन्हींत फरक एवढाच की इथे नाकात वाफ जात नाही.

चैत्रात पानं पिवळी पडली. दाजींनी पाणी कमी करत करत बंद केलं आणि कुंड्या बंगल्याच्या मागच्या पडवीत पाणियाऱ्याखाली, म्हणजे पिण्याच्या पाण्याचे माठ ठेवतात त्या कट्ट्याखाली, गारव्याला नेऊन ठेवल्या. भानुबेनना त्यांनी सांगितलं की आता या दिवाळीपर्यंत मेल्यासारख्या दिसतील. भानुबेन म्हणाल्या, दर वर्षी दिसतातच. त्या त्यानंतर पडवीत आल्या नाहीत. आल्या त्या त्यांच्या सासूबाई. त्यांना सगळे बा म्हणत. बांचा नेम असा, की आंघोळ झाली की घरातल्या प्रत्येक झाडाला आपल्या हातानं पाणी द्यायचं, त्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. त्या वाळलेल्या कुंड्या त्यांना दिसल्या आणि त्यांचा जीव कळवळला. दाजींनी हात जोडून समजावलं, बांनी मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घातलं. नव्वदीच्या घरातल्या बाईला माळ्यानं किती वेळा अडवायचं. दोन कांदे गेले. आषाढ लागायच्या सुमारास दाजींनी भानुबेनची परवानगी काढली आणि उरलेल्या कुंड्या लाकडाच्या खोक्यात घालून, सायकलला बांधून घरी आणल्या.

घरी आक्का होती. आक्काचा नेम बांच्यापेक्षा वेगळा नव्हता. सकाळी पहिलं पाणी डब्यातल्या तुळशीला, मग वळचणीच्या वाटीत चिमण्यांना, मग आपण. घरात जिवंत असलेल्या कोणी कोरड्या जिभेनं झोपायचं नाही, हे तिनं आमच्या आईकडून घेतलेलं. दाजींनी कुंड्या खाटेखाली विटांवर ठेवल्या आणि तिला बजावलं. तिनं दोन दिवस दम धरला. तिसऱ्या दिवशी तिनं एका कुंडीत ओंजळभर पाणी सोडलं, त्यात हळदीची चिमूटही टाकली, म्हणजे कीड लागणार नाही. दाजींना ते आठवड्यानं कळलं. ते रागावले नाहीत. त्यांनी तो कांदा उपटला, विळीवर मधोमध चिरला आणि तिच्यापुढे ठेवला. आत उकडलेल्या रताळ्यासारखा मऊ झाला होता, वास येत होता. मग दुसरी कुंडी उचलली, तिच्या हातात दिली आणि तिचं बोट धरून वाळक्या कांद्यावर दाबलं. टणक होता. म्हणाले, “मरेल नही, निजेल शे. निजू दे त्याले.”

आक्का म्हणाली, मी जरा आडवी झाले की चहा पाहिजे म्हणून उठवता, आणि कांद्याला निजू द्यायचं. पण त्यानंतर तिनं हात लावला नाही. फक्त मी पाहिलंय, ती स्वतः पाणी प्यायला लागली की खाटेकडे पाठ करून प्यायची. त्या कुंड्यांवर आमचं जेवण अवलंबून आहे हे तिला ठाऊक होतं, तरी तिला ते जड जात होतं. आणि दाजींनाही काही बरं वाटत नव्हतं. ते दर रविवारी एकेक कांदा बोटानं दाबून बघायचे आणि परत ठेवायचे. आता तीन उरले होते.

मग चौऱ्याण्णव सालचा तो प्लेग आला. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, मी काही नवं सांगणार नाही. आमच्या गल्लीत एका दुपारी कोणी तरी तोंडाला रुमाल बांधून आलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या खोल्यांना कुलपं लागली. गणपतीत ज्यांच्या मांडीला मांडी लावून बसलो होतो ती माणसं एकमेकांपासून चार हात लांबून बोलायला लागली. बंगल्यावरची मंडळी आदल्याच दिवशी मोटारीनं निघून गेली होती. आक्कानं पिठाचा डबा, कपडे, माझी पुस्तकं बांधली. दाजी खोक्यात कुंड्या भरायला लागले. आक्कानं ते पाहिलं आणि हातातलं गाठोडं खाली टाकलं.

“माणसे पळी ऱ्हायनात, नि तुम्हले कांदास्नी पडेल शे.”

दाजी म्हणाले, परत आल्यावर हेच लागतील. ती म्हणाली, परत यायला आधी आपण जिवंत पाहिजे. दोघांचंही खरं होतं. उधना स्टेशनवर काय गर्दी असणार हे आम्हांला माहीत होतं, एक हात माणसाला धरायला मोकळा पाहिजे होता. दाजींनी कुंड्या परत खाटेखाली सरकवल्या, त्यांच्यावर रिकामं पोतं टाकलं, दार ओढलं. भुसावळकडच्या गाडीत आम्ही दाराशी उभ्यानं गेलो. नंदुरबारपर्यंत दाजी एकच वाक्य बोलले. मला म्हणाले, तुझ्या पुस्तकात लिहिलंय ना, जवळजवळ कोरडं... जवळजवळ म्हणजे किती, ते नाही लिहिलेलं.

गावी आम्ही बरेच दिवस राहिलो. सुरतेहून आलेली माणसं म्हणून आम्हांला मारुतीच्या पारावर कोणी बसू देत नव्हतं, आमच्या विहिरीवर कोणी येत नव्हतं. ते दिवस मला नीट आठवतसुद्धा नाहीत. दाजी शेतात जायचे आणि नुसते बांधावर बसून यायचे. त्यांना एकीकडे परतायचं होतं आणि दुसरीकडे खोली उघडायची नव्हती, असं मला वाटायचं. आक्का त्यांना म्हणाली, नोकरी गेली तर गेली, मी टिकल्या लावीन. हे ती थट्टेच्या सुरात म्हणाली, पण ते हसले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर आम्ही परत आलो. कुलूप गंजलं होतं. खोलीत कोंडलेल्या हवेचा, धुळीचा वास. आक्कानं आधी तुळशीचा डबा पाहिला, काड्या झाल्या होत्या. ती तिथेच बसली. दाजी गुडघ्यांवर बसून खाटेखाली शिरले, पोतं काढलं आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. मी वाकून पाहिलं. एक कांदा आक्रसून सुपारीसारखा झाला होता. दुसऱ्या दोघांच्या डोक्यावर, त्या खळग्यात, मसुरीच्या डाळीएवढे लालसर कोंब आले होते. इतका काळ त्या गल्लीत पाणी द्यायला कोणीही नव्हतं. बा नव्हत्या, आक्का नव्हती, दाजींचं रविवारचं बोटही नव्हतं. थंडी पडायला लागली तसे ते आपले आपण उठले होते. “जित्ता शे,” दाजी म्हणाले. कोणाला म्हणाले कोण जाणे. मग त्यांनी परात मागितली.

पौषात त्यांतल्या एकाला फुलं आली. तोच राणी रंग. दाजींनी ती कुंडी सायकलला न बांधता, हातात धरून बसनं नेली. भानुबेन बाहेर आल्या, त्यांनी फूल पाहिलं, मग कुंडीच्या काठावर त्यांच्या आईनं काढलेली रंगाची खूण होती ती पाहिली.

“आ तो ए ज छे?”

“ए ज छे, बेन,” दाजी म्हणाले. तेच.

त्या पायरीवर बसल्या. शेठाणी म्हणून त्यांना पायरीवर बसलेलं दाजींनी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तेही खाली बसले. नोकरीचं त्या दिवशी कोणी बोललंच नाही, पण नंतर आम्हांला बंगल्याच्या मागची पक्क्या छताची खोली मिळाली, आणि दुसरा माळी शोधायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. त्याच उन्हाळ्यात मी बी.कॉम. झाले. निकाल घेऊन बंगल्यावर गेले तेव्हा दाजींनी भानुबेनना बोलावून आणलं आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, पुस्तक वाचलं ते हिनं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. दाजींना मात्र त्यात समाधान नव्हतं. ते म्हणायचे, की हे कांदे आणलेले आहेत. आणलेलं जगवलं यात काय, इथलं इथे उगवलं पाहिजे. जे इथे जन्मेल त्याला ही हवा नवी वाटणार नाही. मग त्यांनी बी धरायचं ठरवलं. एका फुलाला टिचकी मारून अंगठ्याच्या नखावर पिवळी पूड घ्यायची आणि दुसऱ्या फुलाच्या टोकाला लावायची. फूल गळतं, देठ खाली वाकतो, टोकाला वाटाण्याएवढी गोळी धरते. ती गोळी पिकायला उन्हाळा उजाडतो. पहिल्या वर्षी त्यांनी बी लगेच पेरलं आणि ते एकही उगवलं नाही. मी पुन्हा पुस्तक आणलं. बियांना अंधार आणि गारवा हवा होता. दुसऱ्या वर्षी बी बाटलीत ठेवून, दिवाळीनंतर पेरून, त्यावर काळ्या रंगाचं डाइंगचं जुनं कापड टाकलं. आक्का रोज विचारायची, तुमचं झाकलेलं दुकान कधी उघडणार. दीड-एक महिना काहीच नाही. मग कापड उचललं तर केसासारखे देठ आणि प्रत्येकावर एकच पान, टिकलीएवढं. आक्कानं आपल्या टिकल्यांच्या डबीतली एक टिकली शेजारी धरून पाहिली. टिकली मोठी होती.

त्यांतली बरीच उन्हाळ्यात गेली. काही राहिली. चिंचोक्याएवढे कांदे धरले. दाजींची छाती पुन्हा वाजायला लागली होती, वाफ सोडून इतकी वर्षं झाली तरी ती आतच बसलेली होती. ते आता परातीपुढे उकिडवे बसू शकत नव्हते, पाट घेऊन बसायचे. मी रविवारी चलथाणहून यायचे तेव्हा मला रोपं दाखवायचे आणि दर वेळी सांगायचे, या थंडीत येतील बघ. या थंडीत एका रोपाला पानांच्या खाली, कांद्याला चिकटून, एक कळी आली. मोहरीएवढी. मला ती दिसेना. दाजींनी देठ बाजूला करून दाखवली. म्हणाले, “डिग्री घेतली, पण डोळे नाही घेतले.” तो रविवार. पुढच्या शुक्रवारी ते गेले. सकाळी, खुर्चीत, चहा पिताना.

मी पोचले तेव्हा आक्का भिंतीला टेकून बसली होती. गावाकडची माणसं आली, भानुबेन आल्या, सगळं रीतीप्रमाणे झालं. सुतकात आमच्याकडे देवाला दिवा लागत नाही, तुळशीला हात लावत नाहीत. शेजारची बाई येऊन तुळशीला पाणी घालून जायची. आमच्या खोलीच्या पडवीतल्या त्या कुंड्या तिला माहीत नव्हत्या, आणि मला... मला माहीत होत्या आणि मी बसून होते. तिसऱ्या दिवशी दुपारी आक्का उठली. पडवीत गेली. रोपांची मान खाली पडली होती. तिनं परातीत पाणी घेतलं आणि कळीची कुंडी त्यात ठेवली. गावाकडच्या एका म्हाताऱ्या चुलतीनं पाहिलं आणि म्हणाली, सुतक चालू आहे, झाडाला शिवू नये, लोक काय म्हणतील.

आक्कानं मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

“तुळसले शिवनू नही मी. हाई तुळस नही. हाई त्यासनं काम शे.”

ती पाटावर बसली, आणि वरची माती सगळी एका छटेची होईपर्यंत बसून राहिली. मी दारात उभी राहून बघत होते. चुलतीही बघत राहिली. मग आक्कानं कुंडी उचलून निथळायला ठेवली आणि दुसरी घेतली. तो पाट अजून पडवीतच आहे. आक्का सकाळी टिकल्यांचं काम काढायच्या आधी त्याच्यावर बसते. मी रविवारी गेले की ती मला बसवते, आणि माती पुरती गडद व्हायच्या आत मी हात पुढे केला तर हातावर चापट मारते.

गेल्या आठवड्यात ती कळी उमलली. पांढरी आहे, तळाशी गुलाबी छटा. भानुबेन येऊन पाहून गेल्या. आमच्या दाजींनी सुरतेत, बियांपासून, सायक्लेमेन फुलवलं.